देवमण पाहून घोडा घेऊ नका
दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की एकच बोलणं कानावर येतं: गळ्यावर देवमण आहे, पंचकल्याणी आहे, डोळे झाकून घ्या. हे खरं नाही. देवमण म्हणजे केसांचा भोवरा. पंचकल्याणी म्हणजे चार पाय नि तोंड पांढरं; तिथल्या कातडीत रंगद्रव्य नाही, इतकंच. चाल, स्वभाव, तब्येत यांच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पाय बघा, पाय! खूर उचलून तळवा तपासा, कडक जमिनीवर दुडकी चालवा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा मान वर उडवतो. समोरच्या दातांतले कडेचे पक्के दात साडेचार वर्षांच्या सुमारास येतात; वयाचा अंदाज येतो, तेही पाहा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला मागाच. तो रोग माणसालाही होतो.