पिल्लू चालायला लागलं म्हणजे हाड जुळलं असं नाही
(पाय किंवा कंबर मोडलेलं कुत्र्याचं पिल्लू घरी सांभाळणाऱ्यांसाठी)

आमच्याकडून क्रेट, म्हणजे जाळीचा पिंजरा, भाड्याने नेणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचा आठव्या-दहाव्या दिवशी फोन येतो आणि प्रश्न एकच, ताई आता ते मस्त चालतंय, सोडलं तर चालेल ना? म्हणून हा कागद क्रेटसोबत देतोय. फ्रिजवर लावा आणि घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या, खास करून दुपारी जे घरी असतात त्यांना, कारण पिल्लू बाहेर काढलं जातं ते बहुतेक दुपारीच.

उत्तर असं की नाही, डॉक्टर एक्स-रे बघून सोडा म्हणेपर्यंत नाही.

रस्त्यावर गाडीखाली आलेली जी पिल्लं आमच्याकडे येतात त्यात कमरेचं हाड मोडलेली खूप असतात. कमरेला प्लास्टर घालता येत नाही. मांडीच्या हाडालाही नुसतं प्लास्टर धरत नाही, तिथे बहुतेक वेळा ऑपरेशन करून हाडात धातूची पिन टाकतात. मग लोक पिल्लू घेऊन येतात आणि जरा नाराजच असतात, की डॉक्टरांनी काहीच केलं नाही, पट्टी पण नाही, नुसतं पिंजऱ्यात ठेवा म्हणाले. अहो, तो पिंजरा हेच त्याचं प्लास्टर आहे. कमरेची बरीच फ्रॅक्चर ऑपरेशन न करता नुसत्या आरामाने जुळतात, पण तो आराम चार ते सहा आठवडे सलग लागतो, मधे एक दिवस सुट्टी असं नाही चालत.

होतं काय, पहिल्या आठवड्यात सूज उतरते, गोळीने दुखणं कमी होतं, आणि पिल्लूच ते, त्याला काय कळणार, ते उड्या मारायला लागतं. पण मोडलेल्या जागी तेव्हा नुसता मऊ जोड तयार होत असतो, त्याचं पक्कं हाड व्हायला वेळ लागतो. दोन महिन्यांच्या पिल्लाचं तीन-चार आठवड्यांत जुळतं, मोठ्या कुत्र्याला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्यात सोफ्यावरून एक उडी पडली की जोड सरकला. कमरेचं हाड वाकडं जुळलं तर आतली वाट अरुंद होते आणि त्या जिवाला जन्मभर शी करताना कुंथावं लागतं.

मागच्या दिवाळीत दिंडोरी रोडवरून एक मुलगा तांबूस रंगाची पिल्ली घेऊन आला होता, टोमॅटोच्या कॅरेटमध्ये खाली पोतं घालून, आणि ते त्याने अगदी बरोबर केलं, मोडलेलं पिल्लू काखेत धरून आणण्यापेक्षा असं सपाट आणलेलं केव्हाही चांगलं. मांडीत पिन टाकली. सतरा दिवस त्याने मनापासून सांभाळलं. अठराव्या दिवशी घरी पाहुणे आले, लहान मुलांनी क्रेट उघडला, पिल्ली पळत गॅलरीत आणि तिथून पायरीवरून खाली. पिन वाकली. दुसरं ऑपरेशन, पुन्हा महिनाभर क्रेट, आणि तिला घ्यायला जे कुटुंब तयार होतं त्यांनी तोवर दुसरं पिल्लू आणलं. तिला घर मिळालं, पण पाच महिन्यांची झाल्यावर.

काही जण आम्हाला तोंडावर म्हणतात की तुम्ही पैशासाठी मुक्या जनावराला कोंडायला लावता. वाईट वाटतं ऐकून. दिवसाला 40 रुपये भाडं आहे आणि हाड वेळेत जुळलं तर क्रेट लवकर परत येतो, तेच आम्हाला हवं असतं. घरातलंच टोमॅटोचं कॅरेट उपडं घालून ठेवलं तर चालेल का असंही विचारतात. आणण्यापुरतं ठीक, ठेवायला नको, त्याच्या भोकात पाय अडकतो आणि पिल्लू ते ढकलत सरकत राहतं. क्रेट एवढाच हवा की त्यात उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल. मोठा द्या म्हणून हट्ट करू नका, मोठ्यात ते धावतं.

रात्री रडेल, पहिले दोन-तीन दिवस तर खूपच. तेव्हा बाहेर काढायचं नाही, क्रेट तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवा आणि जाळीतून हात आत सोडा, हाताला नाक लावून झोपतात. दिवसा क्रेट हॉलमध्ये ठेवा, बाथरूममध्ये किंवा मागच्या पॅसेजमध्ये नको. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत पिल्लू जे बघतं-ऐकतं त्याची त्याला सवय होते, कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, लहान मुलं. महिनाभर अंधाऱ्या कोपऱ्यात राहिलेलं पिल्लू हाडाने बरं होतं पण माणसाला घाबरतं, आणि घाबरट पिल्लाला घर मिळणं लंगड्या पिल्लापेक्षा अवघड जातं, हे आम्ही बघितलंय.

पायाला पट्टी किंवा प्लास्टर असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ बोटं बघा. डॉक्टर मधली दोन बोटं मुद्दाम बाहेर ठेवतात. त्या दोन नखांमधलं अंतर वाढलेलं दिसलं, बोटं गार लागली की पट्टी घट्ट झालीय, वास आला की आत जखम चिघळलेली असू शकते, त्याच दिवशी दाखवा. पिल्लू वाढत असतं, पट्टी वाढत नाही, म्हणून दर आठवड्याला दाखवायचंच. शी-शूला नेताना सलाइनची रिकामी पिशवी कापून पायावर चढवा, आत आणलं की लगेच काढा, नाहीतर आत दमट होऊन कातडी सडते. आणि अपघातानंतर बारा तास शू झाली नसेल तर सकाळची वाट बघू नका.

खायला दूध-पोळी नको, गाईच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. भात-चिकन, उकडलेलं अंडं किंवा पिल्लांचं तयार फूड, थोडं थोडं तीन-चार वेळा, हाडं द्यायची नाहीत. कॅल्शियम डॉक्टरांनी लिहिलं तरच, जास्त झालं तरी हाडं बिघडतात. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यातलं काहीही मनाने देऊ नका, जीव जाऊ शकतो. दुखत असताना चावलं, साधा ओरखडा जरी आला, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजचं इंजेक्शन सुरू करा, लहान पिल्लू आहे म्हणून सोडून देऊ नका.

आता घर शोधायचं. घाई इथेही नडते. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी न्यायला येतं, आपणही थकलेलो असतो, देऊन टाकतो, आणि त्या घरात क्रेटच नसतो. शेवटचा एक्स-रे झाल्याशिवाय पिल्लू हातातून सोडू नका, फार तर भेटायला बोलवा. फोटो रक्ताचे, पट्टीचे टाकू नका, त्याने दया येते आणि दयेपोटी नेलेली पिल्लं महिन्याभरात परत आलेली आहेत. चार पायांवर उभं असलेला फोटो, वय, नर की मादी, जंताचं औषध आणि लशी कोणत्या झाल्या, पाय कधी मोडला होता, सगळं खरं लिहा. नेणाऱ्यांच्या घरी एकदा जाऊन या, भाड्याचं घर असेल तर मालकाला माहितीय का विचारा, आणि नसबंदी करणार का हे मादीच्या बाबतीत नक्की विचारा.

नोकरीमुळे दिवसभर घरी कोणी नसेल तर आमच्याकडे अशा पिल्लांसाठी वेगळी खोली आहे, लस न झालेली पिल्लं आम्ही बोर्डिंगच्या, म्हणजे मालकांनी काही दिवस आमच्याकडे ठेवलेल्या, कुत्र्यांत कधीच ठेवत नाही, पार्व्हो हा कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा आजार शिरला तर अशी पिल्लं जाऊ शकतात, म्हणून तिथला चार्ज थोडा जास्त आहे. औषधं वेळेवर देतो, आठवड्याला डॉक्टरांकडे नेऊन आणतो, रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतो. कायमचं ठेवून घ्या असं मात्र म्हणू नका, जागा अडली की पुढच्या पिल्लाला नाही म्हणावं लागतं.

क्रेटचं डिपॉझिट 1,500 रुपये. परत आणताना धुवायची गरज नाही, ते आम्ही करतो, फक्त शेवटच्या एक्स-रेचा फोटो दाखवा, मग त्या महिन्याच्या भाड्यातले 200 रुपये आम्ही कमी करतो.