थंडीत सकाळी बेल्ट ओरडतो तेव्हा : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

डिसेंबर उजाडला की आमच्या गॅरेजात एक तक्रार फिरून फिरून येते. "सकाळी सेल्फ मारला की बॉनेटमधून कुईंऽऽ असा आवाज येतो. दोन मिनिटं येतो आणि आपोआप थांबतो. सोसायटीतले लोक खिडकीतून बघतात." गाडी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून वागळे इस्टेटला आमच्या दारात पोहोचेपर्यंत दहा वाजलेले असतात. इंजिन चांगलं तापलेलं असतं आणि आवाज गायब. मग ग्राहक ओशाळतो, आमचा पोरगा बॉनेट उघडून नुसताच बघत राहतो आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, "जाऊ दे, बेल्टच बदलून टाका."

एवढ्यावर बेल्ट बदलू नका, हे सांगायला हे पत्रक काढलं आहे. बेल्ट विकला तर आम्हालाही चार पैसे सुटतात, पण ओरडणाऱ्या गाडीत दोष बेल्टचाच असतो असं नाही. दोष दुसरीकडे असेल तर नवा बेल्ट पंधरा दिवस गप्प बसतो आणि पुन्हा गळा काढतो.

आपण ज्याला 'फॅन बेल्ट' म्हणतो तो

नाव जुनंच चाललंय. आजच्या बहुतेक कारमध्ये रेडिएटरचा पंखा विजेच्या मोटरवर फिरतो, त्याचा या बेल्टशी संबंध नाही. हा बेल्ट इंजिनच्या क्रँक पुलीवरून ताकद घेऊन बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर (जुने लोक डायनामो म्हणतात) आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच्यावरच असतो आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर त्याचा पंपसुद्धा. बेल्टच्या आतल्या बाजूला लांबीच्या दिशेने बारीक कंगोरे असतात, ते पुलीच्या खाचांत बसतात. बेल्टवर '६ पीके १२३०' असं काही छापलेलं दिसेल. त्याचा अर्थ सहा कंगोरे आणि लांबी १२३० मिलिमीटर. लांबीत थोडाही फरक असला की टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) चुकीच्या जागी बसतो, त्यामुळे "साधारण हाच बसेल" असं म्हणून दिलेला बेल्ट घेऊ नका.

टायमिंग बेल्ट (इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा) वेगळा. तो झाकणाच्या आत असतो आणि हा आवाज सहसा त्याचा नसतो. त्याचं वेळापत्रक गाडीच्या पुस्तिकेत आहे, ते पाळा. इथे त्याच्याविषयी एवढंच.

ठाण्यात अशी कितीशी थंडी पडते?

प्रश्न रास्त आहे. जानेवारीत पहाटे पारा सोळा-सतरावर आला की आपण कानटोपी शोधतो, येऊरच्या पायथ्याला आणखी थोडं गार. निफाडच्या मानाने ही थंडी म्हणजे गंमतच. नव्या, निरोगी बेल्टला याने काही होत नाही. थंडी आजार आणत नाही, असलेला आजार उघडा करते.

पहाटे गोष्टी एकावर एक चढतात. रबर गार झालं की कडक होतं आणि पुलीला घट्ट बिलगत नाही. उघड्यावर उभ्या गाडीवर दव पडतं, गार लोखंडी पुलीवर ओलाव्याचा पातळ थर बसतो. खाडीकडची हवा तशीही दमट आणि खारट, म्हणून चार-पाच दिवस न हललेल्या गाडीच्या पुलीवर हलका गंजही धरतो. एवढ्यावर भागलं तर बेल्ट दोन-चार सेकंद ओरडून गप्प होतो, आणि ते आम्ही मनावर घेत नाही.

खरं ओझं अल्टरनेटरचं. गार बॅटरी आधीच सुस्त, त्यात इंजिन ऑइल घट्ट, म्हणून सेल्फला जास्त करंट लागतो. इंजिन सुरू झालं की तो खड्डा भरायचं काम अल्टरनेटरवर येतं. त्याच वेळी तुम्ही हेडलाइट लावता, काचेवरचं धुकं घालवायला ब्लोअर आणि एसी लावता, मागच्या काचेचा डीफॉगर दाबता. अल्टरनेटर जितका जास्त करंट देतो तितका तो फिरायला जड होतो. निसटत्या बेल्टवर ऐन वेळी सगळ्यात मोठं ओझं! बॅटरी थोडी भरली की ओझं उतरतं, आवाज थांबतो. म्हणून सकाळी किंचाळणाऱ्या गाडीची आम्ही आधी बॅटरी तपासतो. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. बॅटरीच थकलेली असेल तर बेल्ट बदलून काय होणार?

आवाज कसा आणि कधी, एवढं आम्हाला सांगा

आमच्यासाठी यातच अर्धं निदान असतं.

लांबलचक 'कुईंऽऽ' किंवा किंचाळी, जी सेल्फ मारल्यावर, एसी लावल्यावर किंवा ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर येते, ती बहुधा बेल्ट घसरल्याची असते. ताण कमी पडला आहे, बेल्ट झिजला आहे, किंवा त्यावर तेल-कूलंट लागलं आहे.

'चिक्-चिक्-चिक्' असा तुटक, चिमणीसारखा आवाज, जो इंजिनच्या वेगाबरोबर जलद होतो, तो बेल्ट वाकडा धावत असल्याचा. पुल्या एका रेषेत नाहीत. यात फार थोडा फरकही पुरतो. दोन पुल्यांमध्ये एक फूट अंतर असेल तर दीड मिलिमीटरचं वाकडेपणसुद्धा बेल्टला सहन होत नाही.

'घरघर' किंवा 'खरखर' असेल तर संशय बेअरिंगवर. अल्टरनेटर, टेन्शनर, आयडलर पुली (बेल्टला फक्त वळण देणारी), वॉटर पंप, यांपैकी कुणाचं तरी ग्रीस वाळलेलं असतं. हा आवाज गाडी तापल्यावर कमी झाला तरी पूर्ण जात नाही.

घरी करता येईल अशी एक सोपी परीक्षा आहे, आणि तिच्यासाठी बॉनेट उघडावं लागत नाही. सकाळी आवाज येत असताना एसी बंद करा. थांबला? ओझं कॉम्प्रेसरचं होतं. नाही थांबला तर दिवे, ब्लोअर, डीफॉगर बंद करून पाहा. हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर उभ्या गाडीत ते एका बाजूला पूर्ण वळवा. त्या क्षणी आवाज वाढला तर स्टिअरिंग पंपाकडे बोट जातं. काय केल्यावर काय झालं ते फोनवर लिहून ठेवा आणि आवाज रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. वर्णनापेक्षा दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग बरं. एका काकांनी आवाज "कुकरच्या तिसऱ्या शिट्टीसारखा" आहे असं सांगितलं होतं. गंमत वाटली, पण उपयोग झाला नाही.

दुसरी परीक्षा पाण्याची, ती आम्ही करतो. इंजिन चालू असताना बेल्टच्या कंगोऱ्यांच्या बाजूवर साधं पाणी फवारतो. आवाज लगेच वाढला तर बेल्ट घसरतो आहे, म्हणजे ताणाचा प्रश्न. काही सेकंद शांत होऊन मग पुन्हा, आधीपेक्षा मोठ्याने आला तर पुली वाकडी. फिरत्या बेल्टजवळ हात जात असल्याने हे घरी करू नका. ओढणी, मफलर, सैल बाही, मोकळे केस, यांतलं काही बॉनेटच्या आत वाकताना नको. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या गाडीचा बेल्ट आम्ही दोन महिन्यांत दोनदा बदलला. दोन्ही वेळा आवाज परत आला. तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा अल्टरनेटरची पुली नीट तपासली. ती एकाच दिशेने मोकळी फिरणारी पुली होती. इंजिनचा वेग एकदम कमी झाला तरी जड अल्टरनेटरने बेल्टला ओढू नये म्हणून अशी पुली बसवतात. ती आतून जाम झाली होती, त्यामुळे प्रत्येक वेळी बेल्टला झटका बसत होता. दोन्ही बेल्टचे पैसे आम्ही परत केले. तेव्हापासून गॅरेजात नियम आहे: बेल्ट काढला की प्रत्येक पुली हाताने फिरवून बघायची, डुगडुगते का, खरखरते का. त्यानंतर बेल्टशिवाय इंजिन अर्धा मिनिट चालवायचं (वॉटर पंप बंद असतो, म्हणून त्याहून जास्त नाही). आवाज तरीही आला तर तो बेल्टचा किंवा त्यावर चालणाऱ्या कशाचाही नाही, दुसरीकडे शोधा.

कृपया हे लावू नका

साबणाची वडी, मेणबत्ती, टाल्कम पावडर, खोबरेल तेल, घासलेट, गंज सोडवायचा स्प्रे. हे सगळं लावून आलेले बेल्ट आम्ही पाहिले आहेत. तेलकट काही लावलं की आवाज तासाभरापुरता थांबतो, कारण बेल्ट आता घसरतो पण किंचाळत नाही. नंतर रबर फुगतं, मऊ पडतं आणि त्यावर धूळ चिकटते. 'बेल्ट ड्रेसिंग' नावाचा चिकट स्प्रे मिळतो, तोही कंगोऱ्यांच्या बेल्टवर नको.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे रस्त्यावरच्या मिस्त्रीकडून बेल्ट 'टाइट' करून घेणं. ज्या गाड्यांत ताणाचा बोल्ट हाताने फिरवायचा असतो तिथे हा मोह होतो. पाना दोन फेऱ्या जास्त फिरला की आवाज बंद, आणि काही महिन्यांत अल्टरनेटरचं नाहीतर वॉटर पंपाचं बेअरिंग खलास. ऑटोमॅटिक टेन्शनरच्या गाडीत घट्ट करायचं काही नसतंच. त्याची स्प्रिंग थकली की तो बदलावा लागतो. काही नव्या गाड्यांत टेन्शनरच नसतो, बेल्ट स्वतः लवचिक असतो. तो खास हत्याराने चढवतात आणि एकदा उतरवला की परत वापरत नाहीत.

बेल्ट खरंच संपला हे कसं ओळखायचं

जुन्या निओप्रीन रबराच्या बेल्टला भेगा पडायच्या. तीन इंचांत तीन भेगा दिसल्या की बदला, असा हिशेब होता. आताचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात आणि ते इथेच फसवतात. ते सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. कंगोऱ्यांमधल्या खाचा हळूहळू खोल होतात, बेल्ट पुलीत तळाला टेकतो आणि घसरू लागतो. वरून पाहिलं तर काळाभोर, ठणठणीत! म्हणून आम्ही प्लॅस्टिकच्या छोट्या मापकाने खाच मोजतो. ग्राहक समोर असेल तर मापक त्याच्याच हातात देतो. कंगोऱ्यांवर काचेसारखी चमक आली असेल, कडेचे धागे सुटले असतील किंवा कंगोऱ्याचा तुकडा गेला असेल तर मोजायचीही गरज नाही.

बेल्टवर ऑइल किंवा कूलंट दिसलं तर आधी गळती बंद होणार, मग नवा बेल्ट चढणार. उलटं करायला सांगू नका.

प्रवासाला निघण्याआधी

नाताळच्या सुट्टीत नाशिक, इगतपुरी, महाबळेश्वरला निघणाऱ्यांनी किंचाळता बेल्ट घेऊन घाट चढू नये. बेल्ट वाटेत तुटला तर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसी थांबतो, हायड्रॉलिक स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तापमानाचा काटा चढायला फार वेळ लागत नाही. कसारा घाटात असं झालं तर "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" म्हणू नका. कडेला सुरक्षित जागा बघून इंजिन बंद करा आणि टोइंगला फोन लावा. बेल्टच्या पैशांत भागणारं काम हेड गॅस्केटपर्यंत (इंजिन फार तापलं की जळणारं आतलं पॅकिंग) जाऊ देऊ नका.

(पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावरही बेल्ट ओरडतो. वाळल्यावर थांबला तर काळजी नाही. दोन दिवस टिकला तर दाखवा.)

गाडी आणायची कधी?

आदल्या संध्याकाळी. रात्री आठच्या आत गाडी लावून जा आणि किल्ली द्या. आम्ही ती रात्रभर शेडबाहेर उघड्यावर ठेवतो आणि सकाळी सातला, इंजिन पूर्ण गार असताना, स्वतः सेल्फ मारतो. तो आवाज आमच्या कानांनी ऐकल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. रात्रभर ठेवण्याचे वेगळे पैसे नाहीत. बेल्ट बदललाच तर जुना बेल्ट डिकीत ठेवलेला मिळेल. येताना आरसी, गाडीची पुस्तिका आणि मागच्या वेळी बेल्ट बदलल्याचं बिल असेल तर तेही आणा.