आवाजात लपवलेली खूण कशी सापडते

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने आशा भोसले यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, ती बातमी बऱ्याच जणांनी वाचली असेल. काही एआय कंपन्या त्यांच्या आवाजाची नक्कल करून देत होत्या, म्हणजे गाणार कुणीही आणि ऐकू येणार आशाताईंचा आवाज. कोर्टाने सांगितलं की परवानगी न घेता असं टूल लोकांच्या हातात देणं हाच त्यांच्या व्यक्तिमत्त्व हक्कांचा, म्हणजे स्वतःचं नाव, चेहरा, आवाज यांवरच्या हक्काचा, भंग आहे. जुलै २०२४ मध्ये याच कोर्टात अरिजित सिंगलाही असाच दिलासा मिळाला होता. बातमी वाचून खूप बरं वाटलं, पण लगेच डोक्यात आलं की आदेश ठीक आहे, उद्या कुणी नवीन गाणं अपलोड केलं तर ते मशीनने बनवलंय हे दाखवायचं कशावरून?

कायद्याचं पटकन सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याच्या शब्दांना, चालीला, रेकॉर्डिंगला संरक्षण आहे, गाणाऱ्याच्या सादरीकरणालाही आहे. पण नुसत्या आवाजावर, म्हणजे त्या गळ्याच्या पोतावर, कॉपीराइट नसतो. आणि नक्कल केलेल्या गाण्यात मूळ रेकॉर्डिंगचा एक सेकंदही नसतो, सगळं नव्याने तयार केलेलं असतं. म्हणून या केसेस व्यक्तिमत्त्व हक्कांच्या बाजूने लढाव्या लागतात.

मशीन नक्की काय उचलतं ते बघायचं असेल तर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या, मोबाइलवर स्वतःचा लांब "आ" रेकॉर्ड करा आणि त्यात स्पेक्ट्रोग्राम व्ह्यू लावा, म्हणजे आवाजात कुठल्या क्षणी कुठल्या फ्रिक्वेन्सी आहेत त्याचं चित्र. एकावर एक आडव्या रेघा दिसतील. सूर २२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २२० कंपनांचा, असेल तर खालची रेघ २२० वर, मग ४४०, ६६०, ८८० अशा वर वर. हे झालं स्वरतंतूंचं काम. पण सगळ्या रेघा सारख्या ठळक नसतात, काही गडद असतात, काही पुसट, आणि कुठली गडद हे ठरतं घसा, जीभ, टाळू, नाक यांच्या पोकळ्यांच्या आकारावर. तो आकार प्रत्येकाचा वेगळा, म्हणून एकच सूर लावला तरी आपण माणूस ओळखतो. मींड घेतलीत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत गेलात, तर सगळ्या रेघा एकदम वाकताना दिसतात, बघायला फार सुंदर वाटतं. एआय मॉडेल हजारो लोकांचे आवाज ऐकून या फरकांचं सार काही शे आकड्यांत बसवायला शिकतं. मग नवीन माणसाचा छोटा नमुना मिळाला की त्याचे आकडे काढायचे आणि त्यावरून हवं ते बोलवायचं. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्ये दाखवलेल्या मॉडेलला ३ सेकंदांचा नमुना पुरत होता.

आता लोक म्हणतात की एआय पकडणारं एआय आहेच की. याबाबतीत जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने स्वतःच एआयचा मजकूर ओळखणारं टूल जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये बंद केलं. नक्कल सुधारली की पकडणारा मागे पडतो, हे चालूच राहणार. आणि दुसरं ते "मी मेटाला माझे फोटो आणि माहिती एआयसाठी वापरायची परवानगी देत नाही" असलं स्टेटस, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तर इन्स्टावर त्याचा पूर आला होता. ते कॉपी-पेस्ट करणं म्हणजे दंडाला ताईत बांधणं. तुमचा करार तुम्ही साइन अप करताना मान्य केलेल्या अटींवर झालेला असतो, स्टेटस टाकून तो बदलत नाही. शिकलेसवरलेले लोक हे पुढे पाठवतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

नकली माल नंतर हुडकण्यापेक्षा तो तयार होतानाच त्याच्यात खूण घालायची, ही कल्पना मला जास्त पटते. याला वॉटरमार्क म्हणतात, आणि यामागचं गणित इतकं देखणं आहे की ते नीट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये एका चॅनेलला दर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, प्रत्येक आकडा म्हणजे त्या क्षणी हवेचा दाब किती वर किंवा खाली. आता एक गुप्त किल्ली घ्या, तिच्यावरून कॉम्प्युटर +१ आणि −१ ची लांबच लांब रांग तयार करतो. रांगेत कसलाही पॅटर्न दिसत नाही, पण तीच किल्ली दिली की तंतोतंत तीच रांग परत येते. ही रांग एकदम बारीक करायची, समजा गाण्याच्या सरासरी जोराच्या शंभराव्या भागाइतकी, आणि गाण्यात मिसळून टाकायची. ग्राफ काढून बघितला तरी काही दिसणार नाही, कारण गाणं तिच्यापेक्षा शंभरपट मोठं आहे.

मग शोधायची कशी? फाइलमधला प्रत्येक आकडा रांगेतल्या त्याच जागच्या +१ किंवा −१ ने गुणायचा आणि सगळ्याची बेरीज करायची, बस. गाण्याच्या भागाचं काय होतं, तर कधी अधिक कधी उणे असं होत ते एकमेकांना खात राहतं, अगदी शून्य होत नाही पण बेरीज साधारण आकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकीच वाढते. खुणेचं मात्र +१ गुणिले +१ अधिक आणि −१ गुणिले −१ तेही अधिकच, त्यामुळे प्रत्येक आकड्याला थोडं थोडं साठतच जातं. गाण्याचा जोर १ धरा, खुणेचा ०.०१. १०,००० आकडे तपासले तर खुणेची बेरीज १०० आणि गाण्याचीही साधारण १००, काहीच सांगता येत नाही. पण १० लाख आकडे घ्या, म्हणजे जेमतेम २३ सेकंदांचं गाणं: खूण १०,००० वर पोचते आणि गाणं १,००० च्या आसपासच राहतं. दहापट! योगायोगाने एवढा फरक पडणं जवळपास अशक्य आहे. चुकीची किल्ली लावली तर ते १०,००० कुठेच दिसत नाहीत. म्हणजे जे कानाला ऐकू येत नाही आणि डोळ्याला दिसत नाही ते नुसत्या बेरजेने उघडं पडतं. लष्करी रेडिओत संदेश लपवायला हीच युक्ती वापरायचे.

यात एक अडचण आहे. अशी रांग सरसकट मिसळली तर गाण्यातल्या शांत जागी हलकी खरखर ऐकू येईल. म्हणून कानाच्या मर्यादेचा फायदा घ्यायचा, जोराचा सूर चालू असताना त्याच्या जवळच्या फ्रिक्वेन्सीचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, तर खूण तिथे जास्त घालायची आणि शांततेत कमी. पण एमपीथ्रीसुद्धा याच मर्यादेवर चालतं, कानाला न कळणारं सगळं ते फेकून देतं! मग खूण पण जाणार की. यावर इंगेमार कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मुख्यतः चित्रांसाठी मांडलेलं उत्तर होतं की खूण बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यात लपवूच नका, सगळ्यात महत्त्वाच्या घटकांमध्येच किंचित फरक करून घाला, म्हणजे ती पुसायला जाणारा मूळ वस्तूच खराब करून बसेल. आवाजालाही ते लागू पडतं. आता हे काम न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्रॅम, करतात, एक नेटवर्क खूण घालतं, दुसरं शोधतं, आणि दोघांना एकत्रच शिकवतात. गूगलचं सिंथआयडी आणि मेटाचं ऑडिओसील ही त्याची उदाहरणं. ऑडिओसील तर लांब क्लिपमधला नेमका कुठला तुकडा मशीनचा आहे तेही दाखवू शकतं.

तरी याला अभेद्य म्हणू नका. गाणं २ टक्के जरी फास्ट केलं तरी वरच्या साध्या पद्धतीत रांग आणि आकड्यांची जागा जुळत नाही आणि बेरीज कोसळते, त्यासाठी वेगवेगळे वेग लावून बघावे लागतात. दुसऱ्या एआय मॉडेलमधून गाणं पुन्हा बनवून घेतलं तर खूण बऱ्याचदा जाते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खूण घालायची असते टूल बनवणाऱ्याने. मोकळं उपलब्ध असलेलं मॉडेल घरच्या कॉम्प्युटरवर चालवणारा कशाला घालेल? म्हणून मला वाटतं की जबाबदारी टूलवाल्यावर आणि प्लॅटफॉर्मवर टाकली पाहिजे, गायकावर नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्राने आयटी नियमांत बदल करून एआयने बनवलेल्या आवाज, चित्र आणि व्हिडिओवर लेबल आणि तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे आत कायमची ओळखखूण सक्तीची केली, ही दिशा बरोबर आहे, अंमलबजावणी कडक व्हायला हवी.

आवाजाचा वापर रीतसर करता येत नाही असंही नाही. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचा आवाज एआयने वापरला, तो कुटुंबांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन.

आशाताई हायकोर्टात जाऊ शकल्या. मुंबईत तासावर पैसे घेणारा डबिंग आर्टिस्ट, गावोगाव फिरणारा शाहीर, यूट्यूबवर अभंग टाकणारी मुलगी, यांना ते परवडत नाही. त्यांनी आजच करण्यासारखं एवढंच, की करारात "रेकॉर्डिंग एआयच्या ट्रेनिंगला किंवा आवाजाच्या नकलेला वापरणार नाही" असं वाक्य लिहून घ्या, आणि फायनल मिक्सबरोबर चुकलेले टेक, मध्येच खोकला आलेला, तबल्याशी ताल चुकलेला, सगळं तारखेसकट जपून ठेवा. वाद झालाच तर गाणं आपणच गायलंय हे दाखवायला त्या कच्च्या फाइल्स फायनल एमपीथ्रीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतात.