तलवारी मुनवा की रुंद पानांचा?

केळीच्या बुडाशी दोन मुनवे, म्हणजे कंदातून फुटलेली पिल्लं, शेजारी शेजारी उभे असतात. एकाची पाने अरुंद, टोकदार, तलवारीच्या पात्यासारखी. दुसऱ्याने गुडघ्याएवढा होतो न होतो तोच रुंद, हिरवीगार पाने पसरलेली. परसात लावायला एखादा घेऊन जा म्हटलं, की पाहुणा हमखास दुसऱ्याला हात घालतो. मला दर वेळी वाईट वाटतं, कारण त्याची वर्षभराची मेहनत तिथेच निम्मी होते.

तलवारी मुनवा आईच्या कंदाला खोलवर, घट्ट जोडलेला असतो. आईकडून अन्न येत असल्याने त्याला पाने उघडायची घाई नसते आणि सगळं बळ बुडाशी साठतं. रुंद पानांचा मुनवा वरवर चिकटलेला असतो. पोट भरत नाही, म्हणून बिचाऱ्याला लवकर पाने उघडून स्वतःच अन्न तयार करावं लागतं. घड निघालेली केळ कापल्यावर खुंटाभोवती येणारे मुनवे बहुधा असेच असतात. त्यांचा कंद लहान राहतो, झाड रोड वाढतं आणि घडही हलका येतो.

मात्र नुसती पाने बघून फसायला होतं. तलवारी मुनवाही वाढला की रुंद पाने काढतोच. म्हणून उंची आणि बुंधा बघा. तलवारी मुनवा बुडाशी जाड आणि वर निमुळता असतो. दुसरा खालपासून वरपर्यंत सारखाच बारीक.

जळगावकडे आता ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपे सर्रास लावतात. पण राजेळी, सफेद वेलची अशा जाती अजूनही मुनव्यांवरच चालतात आणि ते गावोगाव जातात. खरी अडचण इथे येते. पाठवताना खोड कंदाच्या वर वीतभर ठेवून छाटतात, मुळं काढतात. पानेच गेली, मग गोणीतले दोन्ही सारखेच दिसतात! तेव्हा निवड बागेतच, पहार लावण्याआधी करायची. दुसऱ्याकडून माल आला असेल, तर कंद हातात घ्या. उभट, नारळाच्या आकाराचा, अर्धा ते पाऊण किलोचा कंद चांगला. छोटा, हलका, आईपासून तुटल्याची खूणही जेमतेम असलेला असेल तर बाजूला ठेवा.

काढताना आधी माती मोकळी करा आणि जोडावर पहारीचा एकच नेमका घाव घाला. ओढून काढाल तर कंद चिरतो. कापलेल्या भागात सोंड्याची (कंद पोखरणाऱ्या भुंग्याची) भोकं किंवा तांबूस डाग दिसले तर तो कंद पाठवू नका.

हरण्या किंवा पर्णगुच्छ हे विषाणूंमुळे होणारे रोग असलेल्या बागेतला तलवारी मुनवाही घेऊ नका. हे विषाणू कंदातूनही पुढच्या शेतात जातात आणि कंद औषधात बुडवून मरत नाहीत.