वाळवंटाच्या काठावरचा पेंग्विन

भायखळ्याच्या राणीबागेत पेंग्विन कक्षाच्या काचेसमोर उभे राहिले की लहान मुलांच्या तोंडून एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "यांचा बर्फ कुठे आहे?" बरोबरची मोठी माणसेही 'बिचारे बर्फाविना राहतात' अशी हळहळ व्यक्त करतात. बंदिवासाबद्दलची हळहळ मला समजते. बर्फाबद्दलची मात्र चुकीच्या माहितीवर उभी आहे, आणि समाजमाध्यमांवर फिरणारी, पेंग्विनशेजारी ध्रुवीय अस्वल बसवणारी चित्रे ती आणखी पक्की करतात. २०१६ साली सोलहून मुंबईत आणलेले हे पक्षी हम्बोल्ट पेंग्विन आहेत. त्यांचे घर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर आहे आणि त्यातला मोठा भाग म्हणजे जगातल्या अतिशय कोरड्या वाळवंटाची समुद्राकडची कड आहे.

जमीन तापलेली असली तरी समुद्र गार असतो. दक्षिणेकडून येणारा थंड प्रवाह आणि वाऱ्याने वरचे पाणी दूर लोटल्यामुळे खालून वर येणारे, क्षारांनी समृद्ध पाणी, यांमुळे तिथे अँकोव्हीसारख्या लहान माशांची रेलचेल असते. हे मासे हेच या साधारण चार-पाच किलोच्या पक्ष्याचे मुख्य अन्न. म्हणजे गार पाण्यात ऊब राखायची आणि उन्हात ती टाकून द्यायची, अशी दोन्ही कामे एकाच शरीराला करावी लागतात.

पेंग्विनच्या शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अंगावर दाट पिसे आहेत, पण वल्ह्यासारख्या चपट्या पंखांवर ती अगदी आखूड असतात, आणि पोहण्याचा सगळा भार पंखांवरच. तिथे गेलेले रक्त गार होऊन परतले, तर छाती गारठायला हवी. ती गारठत नाही, याचे कारण खांद्याजवळ आहे. तिथे पंखात जाणारी रोहिणी अनेक फाट्यांत विभागते आणि प्रत्येक फाट्याला लगटून परतीचे रक्त आणणाऱ्या किमान दोन नीला असतात. ऊन रक्त बाहेर जाते, गार रक्त आत येते, आणि दोन्ही एकमेकांना खेटून उलट दिशांनी वाहतात. सारी किमया या उलट दिशेत आहे. समजा, ३८ आणि ८ अंशांचे रक्त शेजारीशेजारी एकाच दिशेने वाहिले, तर दोन्ही २३ अंशांवर येतील आणि देवघेव थांबेल. वाचवण्याजोगी निम्मीच उष्णता वाचेल. दिशा उलट असली, तर खांद्यापाशी ३८ अंशांच्या शेजारी तापत आलेले ३५ अंशांचे रक्त असेल आणि पंखाकडच्या टोकाला ११ अंशांच्या शेजारी ८ अंशांचे. तीन अंशांचा फरक वाटभर टिकतो, म्हणून उष्णता शेवटपर्यंत परतीच्या रक्तात जात राहते. ३० पैकी २७ अंश वाचतात. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तत्त्व मात्र हेच.

किनाऱ्यावर उन्हात हीच काटकसर जिवावर बेतली असती. तेव्हा पंखांतल्या त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तिकडे जास्त रक्त सोडले जाते आणि पक्षी पंख अंगापासून दूर धरून उभा राहतो. त्यांची खालची बाजू गुलाबी झालेली दिसते. चोचीच्या मुळाशी असलेली गुलाबी, पिसे नसलेली त्वचाही उष्णता बाहेर टाकते. एवढ्यावर भागले नाही, तर तो चोच उघडून धापा टाकतो.

अंडी आणि पिल्ले यांना मात्र सावलीच हवी. पाणकावळे आणि इतर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे, म्हणजे ग्वानोचे, पावसाअभावी साचलेले जाड थर पोखरून हे पेंग्विन बिळे करत. एकोणिसाव्या शतकात खतासाठी हे थर खणून जहाजांनी युरोपला गेले आणि बिळांची जागाच नाहीशी झाली. पुष्कळ जोड्यांना उघड्या खडकावर किंवा कपारीत अंडी घालावी लागली. त्यात एल निनोच्या वर्षी पाणी तापते, मासे खोल किंवा दूर जातात आणि एरवी न पडणारा पाऊस उरलेली बिळे बुडवतो. १९८२-८३ आणि १९९७-९८ च्या एल निनोने या पक्ष्यांची संख्या फार घटवली.

पेरूमधल्या पुंता सान हुआन या भूशिरावर ग्वानो देणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी एक भिंत बांधलेली आहे. तिच्या समुद्राकडच्या बाजूला हम्बोल्ट पेंग्विनही अंडी घालतात.