एकाची हाक गंधाची, दुसऱ्याची उजेडाची

काजवा हा भुंगेरा आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. दिवसा पानावर बसलेला काजवा नीट पाहावा. पुढचे दोन पंख पाठीवर झाकणासारखे मिटलेले असतात आणि उडायचं काम त्यांच्याखाली घडी घातलेल्या मागच्या पंखांचं. भुंगेऱ्यांची हीच ओळख.

काजवे चमकतात त्याच सह्याद्रीत अ‍ॅटलास पतंगही राहतो. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत साधारण २४ सेंटिमीटर! मात्र प्रौढ पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर एक-दोन आठवडे काढायचे आणि तेवढ्यात काळोखात जोडीदार गाठायचा. मादी फारशी हलत नाही. कोशाच्या आसपास बसून ती पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून गंध सोडते. नराच्या पिसांसारख्या मिशा तो गंध दुरून टिपतात आणि नर वाऱ्याच्या उलट दिशेने उडत तिच्यापर्यंत पोहोचतो. पतंगाच्या अशा गंधद्रव्याची रचना जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये पहिल्यांदा उलगडली. त्यासाठी रेशीमकिड्यांच्या सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथी लागल्या आणि हाती आले जेमतेम काही मिलिग्रॅम. एवढ्याशा गंधावर नर वाट काढतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

काजव्यालाही थोड्या दिवसांत जोडीदार शोधायचा असतो, पण त्याची हाक उजेडाची. त्याच्या पोटात लुसिफेरीन नावाच्या द्रव्याचा लुसिफेरेज या विकराच्या मदतीने ऑक्सिजनशी संयोग होतो आणि प्रकाश पडतो, उष्णता जवळजवळ नाहीच. बऱ्याच जातींत नर उडता उडता ठरावीक लयीत चमकतो आणि झुडपातली मादी चमकूनच उत्तर देते.

दिव्यामुळे पतंगही भरकटतो, पण मादीचा गंध दिव्याने पुसला जात नाही. काजव्याची मात्र हाकच बुडते. मे अखेरीस भंडारदरा, राजमाची भागात काजवे बघायला गर्दी लोटते, तेव्हा गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च नेमके मीलनाच्या वेळीच पेटलेले असतात. ते बंद ठेवायलाच हवेत. पाऊलवाट सोडून झुडपांत शिरणंही टाळावं, कारण काही जातींच्या माद्यांना पंखच नसतात, त्या जमिनीलगतच राहतात.

अळ्याही तिथेच, ओल्या पाचोळ्याखाली गोगलगायी खात महिनोन्‌महिने वाढतात. त्याही चमकतात, पण तो उजेड जोडीदारासाठी नसतो. आपण खायला वाईट आहोत, असा तो शिकाऱ्याला दिलेला इशारा असतो.