ॲसिड वाटेत सांडलं तर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून तुमच्याकडे मुख्यतः तीन माल येतात: ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक, ३० ते ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आणि ४८ टक्क्यांच्या आसपासची कॉस्टिक लाय (पाण्यात विरघळलेला कॉस्टिक सोडा). कुणाकडे टँकरने, कुणाकडे कॅनमध्ये. गेटच्या आत तो कसा हाताळायचा हे तुमच्या माणसांना ठाऊक आहे. प्रश्न गेटबाहेरचा आहे. वाटेत काही झालं की ड्रायव्हर आम्हाला फोन करतो, आम्ही तुम्हाला, आणि पुष्कळदा त्या जागेच्या सर्वांत जवळ तुमचाच माणूस असतो. शिवाय बरेच जण स्वतःचा टेम्पो पाठवून पाच-दहा कॅन उचलतात. तेव्हा तर वाहतूकदार तुम्हीच.

पाणी माणसावर, टँकरवर नाही

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. सल्फ्युरिकमध्ये पाणी पडलं की ते उकळतं आणि ॲसिडचे शिंतोडे उडतात. पण दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक साध्या लोखंडी टाकीतून येतं. लोखंडावर आयर्न सल्फेटचा पातळ थर बसतो आणि तोच पुढची झीज रोखतो. चिरेतून आत पाणी गेलं की ॲसिड पातळ होतं, थर टिकत नाही, आणि जे ॲसिड इतका वेळ टाकीत निवांत होतं ते टाकीच खायला लागतं. भोक मोठं होतं, वर हायड्रोजन सुटतो. म्हणून गळक्या टँकरजवळ विडी-सिगारेट नको, आणि मागाहून ‘रिकाम्या’ टाकीला वेल्डिंगही नको.

अग्निशमन दल फवारा मारताना दिसेल. त्यांच्या अंगावर पूर्ण सूट असतो आणि पाणी कुठे, किती, हे त्यांना कळतं. आपण पाइप हातात घ्यायचा नाही.

फोनवर काय सांगायचं

१०१ किंवा ११२. कुणी भाजलं असेल तर १०८. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ सुद्धा. ‘ॲसिडचा टँकर पलटी झालाय’ एवढ्यावर त्यांना काहीच ठरवता येत नाही. टँकरच्या पाटीवर मालाचं नाव आणि चार आकडी यूएन नंबर असतो (पाटीवर इंग्रजी आकड्यांत): सल्फ्युरिक १८३०, हायड्रोक्लोरिक १७८९, कॉस्टिक लाय १८२४. लांबूनच मोबाइलने फोटो काढा आणि नंबर वाचून सांगा. मग किलोमीटरचा दगड, गळती चालू आहे का, वारा कुठून येतोय, जवळ ओढा किंवा विहीर आहे का. त्यानंतर आम्हाला फोन करा, नंबर बिलावर आहे, रात्रीही उचलतो.

द्रव सांडला असेल तर चारही बाजूंनी निदान ५० मीटर मोकळे करा. टँकरला आगीने वेढलं असेल तर ८०० मीटर. उभं राहायचं ते वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि उंचावर. हायड्रोक्लोरिकचा पांढरा धूर हवेपेक्षा जड असतो. घाटात तो खालच्या वळणात साचून राहतो.

आता थोडं गर्दीबद्दल. आपल्याकडे तेलाचा टँकर उलटला की लोक डबे घेऊन धावतात, आणि सांडलेली लाय बघणाऱ्याला तेलासारखीच वाटते. बुळबुळीत असते, सुरुवातीला फारशी झोंबतही नाही, म्हणून हात घालणाऱ्याला उशिरा कळतं. दुसरं, ड्रायव्हरला मारू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात खबर देणं मोटार वाहन नियमांनुसार त्याचं काम आहे. मार खाण्याच्या भीतीने तो पळाला की ट्रेम कार्ड (अपघात झाल्यास काय करायचं ते लिहिलेलं, गाडीत ठेवायचं कार्ड) कुठे ठेवलंय आणि कुठला व्हॉल्व बंद करायचा, हे सांगणारं तिथे कुणी उरत नाही.

अंगावर उडालं तर

कपडे, पट्टा, चप्पल, सगळं ताबडतोब उतरवा. लाजायची वेळ नाही ही. डोक्यावरून ओढण्यापेक्षा कापून काढा. मग वाहतं पाणी, घड्याळ लावून किमान २० मिनिटं. लाय असेल तर आणखी वेळ, कारण ती कातडीत मुरत जाते. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि नाकाकडून कानाकडे पाणी सोडा, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. हळद, टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा यांतलं काहीही लावू नका. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. वर येताना ते घसा पुन्हा जाळतं. धूर छातीत गेलेला माणूस ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी दवाखान्यात न्या, फुप्फुसांचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

जमिनीवरचं

कोरडी वाळू किंवा मुरूम टाकून उताराच्या बाजूला बांध घाला, तोही लांबून आणि धूर नसेल तरच. लाकडाचा भुसा कधीच नको: सल्फ्युरिकने तो तापून काळा पडतो, नायट्रिकने पेटू शकतो. चुना किंवा सोडा ॲश हे शेवटचं काम, बहुतेक माल उपसून झाल्यावर, जाणत्या माणसाच्या हातून. साचलेल्या ॲसिडवर गोणी रिकामी केली की उष्णता आणि फेस, दोन्ही अंगावर येतात. पावसाळ्यात बांध टिकत नाही आणि ओहोळ थेट ओढ्याला मिळतो. अशा वेळी खालच्या गावच्या ग्रामपंचायतीला फोन करून नळयोजनेचा पंप थांबवायला सांगणं सगळ्यात उपयोगाचं.

स्वतःचा टेम्पो आणत असाल तर

सल्फ्युरिकचा ३५ लिटरचा कॅन भरला की साठ किलोच्या वर जातो, एकट्याने उचलू नका. कॅन उभे, दोरीने आवळलेले, त्यावर माणूस बसलेला नको. ॲसिड आणि लाय एका फेरीत नको. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि हायड्रोक्लोरिक तर अजिबात नको: दोन्हींची झाकणं ढिली झाली तर मागच्या हौद्यात क्लोरीन तयार होतो. एका ग्राहकाने ‘जवळच तर आहे’ म्हणून हे दोन्ही एकत्र मागितले, आम्ही दिले नाहीत, ते रागावले. चालेल. केबिनमध्ये चष्मा, रबरी हातमोजे, वाळूची बादली आणि स्वच्छ पाण्याचे दोन मोठे कॅन हवेत. ड्रायव्हरने धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं असावं आणि लायसन्सवर तशी नोंद असावी. ती न दिसल्यास आम्ही माल भरत नाही.

प्रत्येक चलनासोबत आम्ही ट्रेम कार्डाची मराठी आणि हिंदी प्रत देतो. ती ऑफिसच्या फायलीत लावू नका, वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवा. रात्री दोनला फोन आला तर तोच उचलणार आहे.